वनरक्षकांसाठी ठाण्यातून निधी उभा करायचा आहे. योग्य रीत कोणती?

उपवनकाठ | १२ जून, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. मी पोखरण रस्ता क्रमांक २ वर राहते. बँकेतून निवृत्त झाल्यापासून पक्षी बघायचा नाद लागला आहे, त्यातूनच हा धागा काढते आहे.

मागच्या महिन्यात आमचा गट शहापूरकडच्या एका जंगलात गेला होता. वनपरिक्षेत्राचं नाव मुद्दाम लिहीत नाही. शिकारीचे तारेचे फासे कुठे लागतात हे चारचौघांत बोलायचं नसतं, असं तिथेच सांगितलं गेलं. सकाळी साडेसहाच्या सुमाराला समोरून दोघं आली. एक वनरक्षक, पंचविशीतली मुलगी, आणि सोबत साठीकडे झुकलेले एक वनमजूर. काकांच्या खांद्यावर तारेचं वेटोळं होतं. मला वाटलं, कुंपणाची तार असेल. ती दुचाकीच्या क्लचची तार होती. रात्रीच्या गस्तीत त्यांनी अकरा फासे काढले होते.

मुलीने एक फास उलगडून दाखवला. जनावरांच्या रोजच्या पायवाटेवर, दोन झुडपांच्या मधे, साधारण गुडघ्याच्या उंचीवर तो टांगतात. लावणाऱ्याला डुक्कर किंवा भेकर हवं असतं. पण तार काही ओळखून धरत नाही. बिबट्या आला तर त्याची मान आणि पुढचे पाय पार होतात आणि कमर अडकते. सुटायला तो जितका ओढ घेतो तितकी तार रुतत जाते. काका म्हणाले, "आवाज येतो ताई रात्री. आवाजावरून आपण जायाचं."

काकांच्या पायात प्लास्टिकच्या चपला होत्या. ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

आमच्या सोसायटीत एकशे चाळीस घरं आहेत. घरटी पाचशे धरले तरी बरीच रक्कम उभी राहील. माझ्या मनात दोन-तीन कॅमेरे किंवा एक ड्रोन घेऊन द्यायचं आहे. ज्यांना यातलं कळतं त्यांनी कृपया सांगा. पैसे कोणाकडे द्यायचे? काय घ्यायचं? कायद्याने काही अडचण आहे का?

---

डोंगरवाट | १२ जून, रात्री १०:५२

ताई, विषय काढलात, फार बरं केलंत. माझे पाचशे धरा.

ड्रोनबद्दल मात्र जरा थांबा. आपल्याकडच्या पानझडी जंगलात पावसाळ्यात वरून फक्त हिरवं छत दिसतं, खालचा माणूस दिसत नाही. शिवाय तो उडवायला शिकलेला माणूस लागतो आणि परवानगीही लागते. बॅटरी गेली, पातं तुटलं की तो कपाटात जातो. कॅमेरा ट्रॅप, म्हणजे जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे, कामाचे असतात, पण ते कुठे लावायचे हे खात्याच्या आखणीत बसावं लागतं. आपण दोन नेऊन दिले आणि ते झाले, असं होत नाही.

---

कासारवडवलीकर | १३ जून, सकाळी ७:३०

माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नये. हे सरकारचं काम आहे. आपण कर भरतो. वनरक्षकाला पगार आहे, गणवेश आहे. उद्या पोलिसांनाही आपणच बूट घेऊन द्यायचे का? लोकांनी वर्गणी काढून गरजा भागवल्या की वरच्यांना वाटतं सगळं आलबेल आहे, आणि मग तरतूद होतच नाही. पैसे जमवण्यापेक्षा आमदारांना निवेदन द्यावं.

---

धाकट्याचीताई | १३ जून, दुपारी १:०५

कासारवडवलीकर दादा, तुमचं म्हणणं चुकीचं नाही. पण मला थोडं सांगू द्या.

मी कोपरखैरण्यात राहते. माझा धाकटा भाऊ मेळघाटात वनरक्षक आहे. त्याच्या बीटवर, म्हणजे नेमून दिलेल्या जंगलाच्या भागात जायला पावसाळ्यात दोन नाले ओलांडावे लागतात. जुलै ते सप्टेंबर गाभ्याचं जंगल पर्यटकांना बंद असतं. तुम्हाआम्हाला वाटतं जंगल विसावलं. पण वर्दळ नाही, आवाज पावसात बुडून जातात, पावलांचे ठसे धुऊन जातात, म्हणून शिकाऱ्याला हेच दिवस सोयीचे. त्यामुळे पावसाळी गस्त सगळ्यात कडक असते. रात्री संरक्षण कुटीवर तो आणि दोन-तीन कोरकू मजूर असतात. फोनची रेंज टेकडीवर जाऊनच मिळते. रविवारी त्याचा फोन आला की आई आधी विचारते, "पाय दाखव." व्हिडिओवर पायच बघते ती. ओल्या बुटात राहून बोटांच्या बेचक्या सडतात.

बरं, गणवेश वनरक्षकाला मिळतो. सोबतच्या मजुराचं काय? तो कधी रोजंदारीवर, कधी कंत्राटावर. खरं बघता वाट त्यालाच माहीत असते, पुढे तोच चालतो.

स्वाती ढुमणे हे नाव आठवतंय का कोणाला? नोव्हेंबर २०२१, ताडोबा, कोलारा परिक्षेत्र. व्याघ्रगणनेसाठी खुणा नोंदवत त्या पायी निघाल्या होत्या, सोबत मजूर होते. वाघिणीने हल्ला केला, त्यात त्या गेल्या. त्या दिवशी माझ्या आईने भावाला चौदा वेळा फोन लावला होता. रेंज नव्हती.

निवेदन जरूर द्या, मी सही करते. पण निवेदनाचं उत्तर येईपर्यंत पाऊस संपतो.

---

कासारवडवलीकर | १३ जून, दुपारी २:४०

ताई, मजुरांचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. माझे हजार लिहा. निवेदनाचा मसुदाही मी करतो, दोन्ही होऊ दे.

---

रानपिंगळा_७ | १३ जून, सायंकाळी ६:२०

अनुमोदन. एक अवांतर, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. शहापूर-तानसा भाग म्हणजे साधं जंगल नाही. जो रानपिंगळा, म्हणजे छोटं घुबड, शंभराहून जास्त वर्षं नामशेष समजला गेला आणि १९९७ मध्ये सातपुड्याच्या भागात पुन्हा सापडला, तो २०१४ मध्ये तानशाच्या जंगलात दिसला. मुंबईचं पाणी येतं त्याच तानशाच्या. म्हणून तर मी हे टोपणनाव घेतलं.

ठाणेकरांच्या हे लक्षातच येत नाही की आपल्या नळाचं पाणी आणि ती तार काढणारी मुलगी यांचा जवळचा संबंध आहे. जंगल राखलं तर तलाव राहतो.

---

निळा_दरवाजा | १३ जून, रात्री ९:११

निधी द्या, पण मुळात फासे लावतं कोण? आजूबाजूच्या पाड्यांवरचे लोकच ना? त्यांनाच मजूर म्हणून ठेवायचं आणि त्यांनाच बूट द्यायचे, हे मला पटत नाही.

---

पाड्यावरचा_मास्तर | १४ जून, सकाळी ६:४५

निळा_दरवाजा, मी येऊरच्या, म्हणजे बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या ठाण्याकडच्या बाजूच्या, एका पाड्यावर अठरा वर्षं शिकवलं. शांतपणे लिहितो, शेवटपर्यंत वाचावं.

वारली माणूस वाघाला देव मानतो. वाघोबाच्या लाकडी किंवा दगडी पाटीवर वाघ कोरलेला असतो, वर सूर्य-चंद्र. दिवाळीच्या तोंडावर, आपण वसुबारस करतो त्या दिवशी, ते वाघबारस करतात. माझ्या वर्गातली पोरं बिबट्याचा माग दाखवून "हा काल रातचा, हा सकाळचा" असं सांगायची. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात २०१८ च्या कॅमेरा गणनेत ४७ बिबटे नोंदले गेले. शंभरेक चौरस किलोमीटरचं जंगल, एका बाजूला मुंबई, दुसऱ्या बाजूला ठाणे. एवढे बिबटे तिथे टिकले याचं श्रेय पाड्यांच्या सोसण्याला द्यावंच लागेल.

हो, भाजीला मटण म्हणून ससा-डुक्कर धरणारे काही जण आहेत. मी नाकारत नाही. काही वेळा शेत वाचवायला तार लावली जाते. पण मोठा पैसा कुठे आहे ते बघा. मांडूळ धरून विकणाऱ्यांच्या बातम्या ठाणे आणि नवी मुंबईच्या पानावर सतत असतात. घेणारा पाड्यावरचा नसतो. मांडुळाने धन मिळतं म्हणून लाखांचा व्यवहार करणारा शहरात, इमारतीत राहतो. खवले मांजराचे खवले, बिबट्याची नखं, तारा कासव, सगळ्यांचं गिऱ्हाईक शहरात आहे. पाड्यावरच्या माणसाच्या हातात त्यातले किरकोळ पैसे पडतात आणि पकडला जातो तोच.

आणि ज्या घरात फास बनवता येतो, त्याच घरातला माणूस फास ओळखतो. त्याला गस्तीचा पगार वेळेवर मिळाला, पायात बूट आले, अंगावर रेनकोट आला, तर तो कोणत्या बाजूला उभा राहील?

---

ऐरोलीचा_बगळा | १४ जून, सकाळी ९:२०

मास्तर, हात जोडतो.

आमच्या सोसायटीच्या गॅलरीत तीन घरांत पोपटाचे पिंजरे आहेत. आपला देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हे सांगितलं तर लोक हसतात. त्या पोपटाचं पिल्लूही कोणीतरी ढोलीतून काढलेलं असतं.

खाडीकडचंही थोडं सांगतो. ठाणे खाडी २०१५ मध्ये रोहित (फ्लेमिंगो) पक्षी अभयारण्य झाली, २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत गेली. वन खात्याच्या कांदळवन कक्षाचे लोक चिखलात आणि होडीतून गस्त घालतात. चिखलात बूट राहत नाही, गाळ तो ओढून घेतो. तिथे लागणारं सामान वेगळं आणि डोंगरातलं वेगळं. म्हणून माझी विनंती आहे की दुकानात जाण्याआधी त्यांनाच विचारा.

---

उपवनकाठ | १४ जून, रात्री ८:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. ड्रोनचा विचार सोडला. रविवारी पुन्हा जाऊन परिक्षेत्र अधिकाऱ्यांना आणि गस्तीवरच्या लोकांना भेटून येते. पण त्याआधी कोणी पैसे गोळा करायच्या नियमांबद्दल सांगेल का? आज सोसायटीच्या गटात क्यूआर कोड टाकणार होते.

---

खर्चवही | १४ जून, रात्री ९:०२

ताई, कोड टाकू नका. दोन मिनिटं थांबा.

मी सनदी लेखापाल आहे, नौपाड्यात बसतो. तुमच्या वैयक्तिक खात्यावर लोकांकडून धर्मादाय कारणासाठी पैसे गोळा करणं योग्य नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० च्या कलम ४१क प्रमाणे नोंदणी नसलेल्या कोणालाही अशी जाहीर वर्गणी करायची तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. गणपती मंडळं दरवर्षी घेतात तीच. सोसायटीच्या गटातला कोड पुढच्या तासाभरात डोंबिवलीला पोचलेला असतो, म्हणजे ती जाहीर वर्गणीच झाली.

दुसरं. वनरक्षक हा शासकीय कर्मचारी आहे. वर्तणूक नियमांप्रमाणे तो तुमच्याकडून भेट घेऊ शकत नाही. तुम्ही प्रेमाने हातात पाकीट दिलंत तर चौकशी त्याची लागेल. वस्तू कार्यालयाला, लेखी पत्राने द्यायच्या आणि त्यांच्या नोंदवहीत चढवून पोच घ्यायची.

यातून सोपा मार्ग असा की आधीपासून नोंदणी असलेली, दरवर्षी हिशेब तपासून घेणारी एखादी निसर्ग संस्था गाठावी. देणगी थेट त्यांच्या खात्यात, "वनकर्मचारी साहित्य" असा उल्लेख करून. संस्था दुकानदाराला धनादेश देईल. तुमच्या हाताला एक रुपया लागणार नाही. ज्यांना देणगीवरची करसवलत हवी त्यांनी दोन हजारांवर रोख देऊ नये, आणि संस्थेकडून देणगीचं प्रमाणपत्र मागून घ्यावं. बूट विकत घेऊन दिले तर त्या वस्तूवर सवलत नाही, पैशावरच आहे. नव्या करपद्धतीत असाल तर सवलत विसरून द्या.

ज्यांना थेट व्याघ्र प्रकल्पाला द्यायचं असेल त्यांच्यासाठी प्रत्येक व्याघ्र प्रकल्पाचं स्वतःचं व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठान असतं. २००६ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव कायद्यातच ती तरतूद आहे. बोरिवलीच्या उद्यानात प्राणी दत्तक योजना आहे, पण ती पिंजऱ्यातल्या प्राण्यांच्या खर्चासाठी, गस्तीसाठी नाही.

---

चरईची_माधवी | १४ जून, रात्री ९:४८

खर्चवही यांचं म्हणणं सोन्यासारखं आहे. तीन वर्षांपूर्वी एका संस्थेला आम्ही मैत्रिणींनी अठरा हजार दिले. पावती आली, पुढे काहीच नाही. फोन केला तर "काम चालू आहे". त्यानंतर दोघींनी कुठेही देणं सोडलं. पैसे गेल्याचं तितकं वाटलं नाही, पण त्या दोघींचा विश्वास गेला तो परत आला नाही. म्हणून ताई, हिशेब इथे टाकाल, एवढं वचन द्या.

---

उपवनकाठ | १४ जून, रात्री १०:०५

दिलं. पै न् पै इथे लिहीन.

---

काळा_कोट_ठाणे | १५ जून, सकाळी ११:३०

वकील आहे, वन्यजीव गुन्ह्यांची थोडी प्रकरणं पाहिली आहेत. बूट-रेनकोटाच्या यादीत एक गोष्ट जोडावी अशी विनंती.

वन्यजीव कायद्यात "शिकार" म्हणजे फक्त गोळी घालणं नाही. फास लावणं, सापळा लावणं, विष ठेवणं, आमिष दाखवणं आणि यातल्या कशाचाही प्रयत्न, हे सगळं शिकारच. म्हणजे रिकामा फास हासुद्धा गुन्हा आहे. पहिल्या अनुसूचीतल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या यादीतल्या, प्राण्याची शिकार असेल तर तीन ते सात वर्षं कैद आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान पंचवीस हजार दंड. कायदा दुबळा नाही.

प्रकरण पडतं ते पंचनाम्यात. फास आधी कापला आणि फोटो नंतर काढला. रक्ताचा नमुना प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि तो कुजला. सील नाही, लेबल नाही, मधे दोन दिवस कोणाच्या ताब्यात होतं याची नोंद नाही. मग डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेकडे किंवा हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेकडे नमुना गेला तरी न्यायालयात बचावाचा वकील दोन प्रश्नांत तो उडवतो. रात्री दोन वाजता, पावसात, एकट्या वनरक्षकाने हे सगळं करायचं असतं आणि जवळ पुरावा गोळा करायची पेटी नसते.

पेटी फार महाग नाही. कागदी पाकिटं, निर्जंतुक कापूस आणि काड्या, रबरी हातमोजे, मोजपट्टी, फोटोत ठेवायची छोटी पट्टी, लाख आणि सील, न पुसणारं पेन, पंचनाम्याचे छापील कागद, आणि सगळं पाण्यापासून राखणारा डबा. अशा तीन-चार पेट्या करा. त्या कशा वापरायच्या हे शिकवायला मी एक शनिवार फुकट देईन.

---

डोंगरवाट | १५ जून, दुपारी १२:१०

वकील साहेब, हे कधीच डोक्यात आलं नसतं. वाचनखूण साठवतो.

---

उपवनकाठ | २२ जून, सायंकाळी ७:५०

जाऊन आले. लांबलचक लिहिते आहे, सांभाळून घ्या.

परिक्षेत्र अधिकाऱ्यांनी चहा दिला आणि म्हणाले, "आमच्या लोकांना विचारा, मी बाहेर थांबतो." ही गोष्ट मला फार आवडली. आत चौदा वनरक्षक-वनपाल आणि बावीस मजूर. पहिली दहा मिनिटं कोणीच बोलेना. मग त्या दिवशी भेटलेल्या मुलीने हात वर केला. तिचं पहिलं वाक्य, "मॅडम, बूट आणलेत तर चार नंबरचे आणा."

मला कळेना. तिने समजावलं. हंटर बूट बाजारात सहा-सातच्या पुढचेच सहज मिळतात. तिच्यासारख्या पाच मुली आहेत. त्या दोन-दोन मोजे घालून, पुढे कापडाचा बोळा कोंबून चालतात. उतारावर पाय आत सरकतो, नखं काळी पडतात. शासकीय भरतीत महिलांना ३० टक्के आरक्षण आहे, मुली मोठ्या संख्येने या कामात आल्या आहेत, पण बुटांचे कारखाने अजून त्यांच्या पायापर्यंत पोचलेले नाहीत.

मग सगळेच बोलू लागले. डोक्याला बांधायचे दिवे हवेत, कारण हातात विजेरी धरली की काठीला हात उरत नाही, आणि काठी आधी टेकवल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही असा नियम. तिथे घोणस आणि फुरसं दोन्ही आहेत. दिवे पुन्हा चार्ज होणारे हवेत, सेल दर आठवड्याला कोण विकत घेणार? पॉवर बँक हव्यात, कारण गस्तीची नोंद फोनवर करायची असते आणि पाच तासांत फोन मान टाकतो. जाडी तार कापायच्या पकडी हव्यात. साध्या पकडीने क्लचची तार पिळवटते, तुटत नाही. आणि रेनकोट दोन तुकड्यांचे हवेत. लांब झग्यासारखे कोट काट्यांत अडकून पहिल्याच आठवड्यात फाटतात.

ड्रोन कोणीही मागितला नाही. कॅमेराही नाही.

वयस्कर काका शेवटी बोलले. त्यांना वस्तू नकोच होती. त्यांनी विचारलं, "मला काय झालं तर घरच्यांना काय भेटंल?" मी बँकेत तेहतीस वर्षं काढली आणि तेव्हाच सुचायला हवं होतं ते त्या क्षणी सुचलं. बावीसपैकी एकोणीस जणांकडे बँक खातं होतं, पण प्रधानमंत्री सुरक्षा विमा फक्त चार जणांनी घेतला होता. वर्षाला वीस रुपये, अपघाती मृत्यू झाला तर दोन लाख, वय अठरा ते सत्तर. सर्पदंशाने मृत्यू आला तर तोही अपघातात धरतात, फक्त रुग्णालयाची नोंद हवी. ज्यांचं वय पन्नासच्या आत आहे त्यांना ४३६ रुपयांचा जीवन ज्योती विमाही घेता येतो, त्यात नैसर्गिक मृत्यूही येतो. काकांचं वय एकसष्ट, त्यांचा सुरक्षा विमाच होईल.

वीस रुपये. आम्ही ड्रोनचा विचार करत होतो.

---

धाकट्याचीताई | २२ जून, रात्री ८:४०

ताई, हे वाचून भावाला फोन लावला. तो लागला, आज टेकडीवर होता. त्याच्या कुटीवरच्या तिघांपैकी दोघांकडे विमा नाही. तो म्हणाला, पुढच्या आठवडी बाजाराला धारणीला नेतो त्यांना.

---

खर्चवही | २२ जून, रात्री ९:१५

फॉर्म भरताना वारसाचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का ते बघा. पाड्यांवर "गोमा" चं "गोमाजी" झालेलं असतं आणि दावा तिथेच अडकतो. शिवाय मे अखेरीस खात्यात वीस रुपये शिल्लक नसतील तर विमा आपोआप बंद पडतो. मजुराच्या खात्यात मे महिन्यात कधीकधी तेवढेही नसतात. दरवर्षी २५ मेला कोणीतरी आठवण करून द्यावी. मी माझ्या दिनदर्शिकेत लिहून ठेवलं आहे.

---

निळा_दरवाजा | २३ जून, सकाळी ८:०५

मास्तरांचा प्रतिसाद मी त्या दिवशी तीनदा वाचला. उत्तर द्यायला वेळ घेतला. माझं लिहिणं चुकीचं होतं. दोन हजार निसर्ग संस्थेच्या खात्यात पाठवले आहेत. आमच्या मजल्यावर एका घरात तारा कासव आहे, कोणीतरी भेट दिलेलं. ते कुठे द्यायचं?

---

ऐरोलीचा_बगळा | २३ जून, सकाळी ८:३०

वन खात्याच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा. परस्पर तलावात सोडू नका, तलावपाळीला तर मुळीच नाही. ते कोरड्या माळरानावरचं कासव आहे, पाण्यात बुडून मरेल. शेजाऱ्यांना आधी समजावून त्यांनाच फोन करायला लावलंत तर उत्तम.

---

पाड्यावरचा_मास्तर | २३ जून, सकाळी ९:५०

निळा_दरवाजा, तुमच्याबद्दल आदर वाटला. वाघबारशीला या, पाड्यावर घेऊन जाईन.

---

कासारवडवलीकर | १ जुलै, रात्री ९:००

निवेदन दिलं. मुद्दे दोनच ठेवले: मजुरांचं मानधन महिन्याच्या महिन्याला मिळावं, आणि महिला वनरक्षकांच्या मापाचे बूट खरेदीच्या निविदेत लिहिले जावेत. १८६ सह्या झाल्या. पोच घेतली आहे.

---

उपवनकाठ | ३१ जुलै, रात्री ९:३०

आज जागतिक वनरक्षक दिन. २००७ पासून जगभर पाळला जातो. हिशेब आजच द्यायचा असं ठरवलं होतं.

संस्थेच्या खात्यात आमच्या धाग्यातून आणि दोन सोसायट्यांतून मिळून १,११,५०० रुपये जमले. बूट ३६ जोड, ४१,४०० रुपये. दोन तुकड्यांचे रेनकोट ३६, २७,००० रुपये. डोक्याचे दिवे २०, २४,००० रुपये. पॉवर बँक १०, दहा हजार. तार कापायच्या पकडी ८, दोन हजार आठशे. पुराव्याच्या पेट्या ३, साडेचार हजार. टेम्पो १,८००. शिल्लक शून्य. बिलांचे फोटो चरईच्या माधवीताईंना पाठवले आहेत, त्यांनी एकेक तपासून पाहिलं. कोणालाही हवे असतील तर निरोप करा.

चार नंबरचे बूट ठाण्यात कुठेच मिळाले नाहीत. स्टेशन रोड, गावदेवी, सगळं पालथं घातलं. शेवटी मुंबईतल्या एका घाऊक व्यापाऱ्याने मुलांच्या शाळेसाठी बनवणाऱ्या कारखान्याकडून जाड तळव्याचे पाच जोड करवून दिले. आठ दिवस जास्त लागले, पैसे तेवढेच.

वाटपाचा फोटो टाकत नाही. तुमच्यापैकी काहींनी मागितला होता, मला समजतं. पण त्या लोकांचे चेहरे इंटरनेटवर नकोत. त्यांना रात्री त्याच गावांतून चालायचं असतं. वस्तू कार्यालयाच्या नोंदवहीत चढल्या, पोचपावतीचा फोटो आहे, त्यातली नावं झाकली आहेत.

विमा: बावीसपैकी एकवीस जणांचा झाला. तिघांची खाती नव्याने उघडली. एकाच्या आधारवरचं नाव दुरुस्त व्हायचं आहे. खर्चवही यांनी सांगितलं नसतं तर लक्षातही आलं नसतं.

---

काळा_कोट_ठाणे | १ ऑगस्ट, सकाळी १०:२०

शनिवारचं प्रशिक्षण झालं. सात जण आले होते. एका मुलीने सराव पंचनामा इतका नेटका लिहिला की मी तो नमुना म्हणून ठेवून घेतला.

---

धाकट्याचीताई | ११ सप्टेंबर, रात्री १०:४०

आज वन शहीद दिन. १७३० मध्ये राजस्थानात खेजडलीला झाडांना मिठी मारून ३६३ बिश्नोई गेले, त्यांच्या स्मरणार्थ. भावाच्या परिक्षेत्रात सकाळी मानवंदना झाली. त्याने फोन केला, आई नेहमीप्रमाणे म्हणाली, पाय दाखव. त्याने दाखवले. बेचक्या या वर्षी बऱ्या आहेत.

---

उपवनकाठ | १२ ऑक्टोबर, सायंकाळी ५:१५

धागा वर काढते आहे, कामाचं आहे.

पाऊस गेला, गवत वाळायला लागलं की पायवाटा उघड्या पडतात आणि फासे पुन्हा लागतात. खात्याने नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी फासे शोधायच्या फेरीसाठी बारा माणसं मागितली आहेत. पहाटे साडेचारला नितीन कंपनीच्या सिग्नलवरून गाडी निघेल. नऊ जण झालेत, मीही जाते आहे. काका पुढे चालणार आहेत. फास दिसला तर हात लावायचा नाही, जागच्या जागी थांबून हाक मारायची. पूर्ण बाह्यांचा मळकट रंगाचा शर्ट, पाण्याची बाटली. परफ्यूम लावू नका.

तीन जागा आहेत. आणि तेराव्या क्रमांकाचे बूट असलेलं कोणी ओळखीचं आहे का? नवीन एक मजूर आलाय, सव्वासहा फूट उंच, त्याच्या पायाचं माप कुठेच मिळत नाहीये.